शेजारी बाजार आला तेव्हा : वेस्लियन ग्रोव्ह या मेथडिस्ट तळाचं प्रकरण

१८३५ साली एका बेटावरच्या मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या मंडळीनं मेंढ्यांच्या कुरणातली ओकची राई निवडली आणि तिथं आठवडाभराच्या धर्मसभेसाठी नऊ तंबू ठोकले. तीस वर्षांनी त्याच राईला लागून एका जमीन कंपनीनं सुट्टीच्या घरांसाठी प्लॉट पाडायला घेतले. तेव्हा तळाच्या कारभाऱ्यांपुढे प्रश्न उभा राहिला : इथंच राहायचं, इथून उठायचं, की कुंपण घालून आत बसायचं? त्यांनी थोडीथोडी तिन्हींची तयारी केली. यातलं काय टिकलं आणि काय वाया गेलं ते आज चांगलं दिसतं. ज्यांच्या हाती एखाद्या देवस्थानाचा, मंडळीचा किंवा जुन्या संस्थेच्या जमिनीचा कारभार आहे, त्यांनी हे प्रकरण मुळातून पाहावं असं मला वाटतं.

ठिकाणं, संस्था आणि सार्वजनिक नोंदीतल्या मोजक्या व्यक्ती नावानिशी आल्या आहेत. कारभारी, पाळक आणि घरवाल्या कुटुंबांची नावं गाळली असून त्यांची फक्त भूमिका ठेवली आहे.

पार्श्वभूमी

मार्थाज व्हिनयार्ड हे अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं बेट. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याच्या पूर्व टोकाचं एडगरटाउन हे गाव देवमाशांच्या शिकारीवर जगत होतं. जहाजं दोन-दोन, तीन-तीन वर्षं समुद्रावर असत आणि परतली की तेलाचा पैसा गावात येई. बाकीच्या बेटावर मेंढ्या, थोडी शेती आणि मासेमारी.

मेथडिस्ट पंथ या बेटावर आणण्याचं श्रेय जॉन सॉन्डर्स या उपदेशकाला दिलं जातं. व्हर्जिनियातल्या गुलामगिरीतून सुटलेला हा माणूस १७८७ च्या सुमारास बेटावर आला. एका मोठ्या खडकावर उभा राहून तो तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीला उपदेश करी, अशी बेटाची आठवण आहे. त्या खडकाला आज ‘पल्पिट रॉक’ म्हणतात. या माणसाचा संदर्भ पुढे पुन्हा लागणार आहे. त्यानंतर फिरते पाळक येऊ लागले आणि एकोणिसाव्या शतकात एडगरटाउनात मेथडिस्ट मंडळी स्थिरावली. १८४३ साली तिनं सहा प्रचंड खांबांचं पांढरंशुभ्र चर्च बांधलं. त्याला लोक आजही ‘ओल्ड व्हेलिंग चर्च’ म्हणतात, कारण त्यामागचा पैसा देवमाशाच्या तेलाचा होता.

त्या काळी अमेरिकेच्या ग्रामीण भागात ‘कॅम्प मीटिंग’ची प्रथा जोरात होती. १८०१ च्या ऑगस्टमध्ये केंटकीतल्या केन रिज इथं हजारो माणसं गाड्या-घोडे घेऊन जमली आणि कित्येक दिवस उघड्यावर राहून उपदेश ऐकत राहिली. ती सभा प्रेस्बिटेरियन मंडळीच्या आवारात झाली खरी, पण ही रीत पुढे सर्वांत जास्त उचलली ती मेथडिस्टांनी. कारणही साधं होतं. त्यांचे पाळक फिरतीवर, गावं विखुरलेली, चर्चच्या इमारती लहान किंवा नाहीतच. वर्षातून एकदा शेतीची कामं हलकी झाली की सगळ्या मंडळ्यांनी एका रानात जमायचं, दिवसाला तीन-चार उपदेश ऐकायचे, पश्चात्ताप करणाऱ्यांसाठी प्रार्थना करायची, प्रीतिभोजनाला बसायचं, साक्षी द्यायच्या, आणि शेवटच्या दिवशी एकमेकांचे हात हातात घेत रांगेनं फिरून निरोप घ्यायचा.

एडगरटाउनच्या मंडळीनं १८३५ च्या ऑगस्टअखेरीस गावाच्या उत्तरेला, समुद्रापासून थोडं आत अशीच सभा भरवली. जागा एका शेतकऱ्याच्या कुरणातली. उपदेशकासाठी लाकडाचा ओबडधोबड मंच, समोर बाकं, आणि भोवती अर्धवर्तुळात नऊ तंबू. १८४० मध्ये या जागेला वेस्लियन ग्रोव्ह हे नाव मिळालं. १८४५ चा अपवाद सोडला तर सभा दरवर्षी तिथंच भरत राहिली.

तंबू आधी मंडळ्यांचे असत. पंढरपूरच्या वाळवंटात प्रत्येक दिंडीची आपली राहुटी असावी, तसा न्यू बेडफर्डच्या मंडळीचा एक, फॉल रिव्हरच्या मंडळीचा एक. आत गवत पसरलेलं आणि मधोमध कनात. एका बाजूला पुरुष झोपत, दुसऱ्या बाजूला बायका. पावसात सभा याच तंबूंमध्ये चाले आणि रात्री उशिरापर्यंत प्रार्थनाही तिथंच होई. १८५० च्या दशकाच्या अखेरीस राईत तीनशेहून जास्त तंबू लागत होते, आणि सभेच्या रविवारी आगबोटींनी येणाऱ्यांची गर्दी हजारांत जाई.

याच दशकात एक बदल कुणी फारसा वाद न घालता होऊन गेला. माझ्या मते या प्रकरणातला पहिला निर्णय हाच, मग तो ठरवून घेतलेला असो वा नसो. मंडळीच्या सामाईक तंबूशेजारी लोक आपापल्या कुटुंबाचे वेगळे तंबू लावू लागले. पाळकांची कुरकुर होतीच. माणसं आपल्या तंबूत जेवतात, गप्पा मारतात, मुलांना झोपवतात, आणि सामाईक प्रार्थनेची गर्दी ओसरते, असं त्यांचं म्हणणं. पण कुटुंबाचा तंबू असला की बायका-मुलं येतात, आणि एकदा आलेलं कुटुंब पुढच्या वर्षीही येतं. हे वजन जास्त भरलं. १८५९ साली तिथं पहिलं लाकडी घर उभं राहिलं आणि मग तंबूंच्या जागी घरंच घरं होत गेली.

ही घरं अगदी लहान होती, कारण तंबूचा जो चौथरा तोच घराचा चौथरा. दर्शनी बाजूला तंबूच्या दोन पाखांसारखा दुहेरी दरवाजा, दोन्हीकडे चर्चच्या खिडकीची आठवण करून देणाऱ्या निमुळत्या खिडक्या, वर छोटा सज्जा आणि कडांना करवतीनं कापलेली लाकडी जाळी. दार उघडलं की रस्त्यावरून घराच्या मागच्या भिंतीपर्यंत नजर जाई, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. शेजारची घरं इतकी जवळ की एकाची प्रार्थना दुसऱ्याला ऐकू यावी.

घर कुटुंबाचं, पण खालची जमीन सभेची. कुटुंब दरवर्षी जमिनीचं भाडं भरी आणि सभेचे नियम पाळी. सभेनंही ही जमीन आधी भाड्यानंच घेतली होती. १८६० च्या दशकाच्या मध्यावर तिनं ती विकत घेतली. १८६८ साली राज्याच्या कायदेमंडळाकडून सनद मिळून ‘मार्थाज व्हिनयार्ड कॅम्प मीटिंग असोसिएशन’ ही नोंदणीकृत संस्था झाली. जमीन संस्थेची, घर कुटुंबाचं ही व्यवस्था तेव्हा कुणाला फार विशेष वाटली नसावी. पुढचं सगळं प्रकरण तिच्यावरच तरलं.

अडचण

१८६६ साली बेटावरचे काही जहाजी कप्तान आणि मुख्य भूमीवरच्या फॉक्सबरो गावचा एक गवती टोप्यांचा कारखानदार एकत्र आले आणि त्यांनी ‘ओक ब्लफ्स लँड अँड व्हार्फ कंपनी’ काढली. तळ आणि समुद्र यांच्यामधली मोकळी जमीन त्यांनी घेतली. बॉस्टनचे उद्यानरचनाकार रॉबर्ट मॉरिस कोपलंड यांच्याकडून त्यांनी आराखडा करून घेतला : वळणदार रस्ते, मध्ये बागा, समुद्रासमोर मोठं अर्धवर्तुळाकार मैदान आणि शेकडो छोटे प्लॉट. लगेच धक्का बांधला. आगबोटीतून उतरणाऱ्या माणसाला आता आधी कंपनीची जमीन लागे, मग सभेची.

देवमाशांच्या तेलाचा धंदा तेव्हा उतरणीला लागला होता. पेनसिल्व्हेनियात १८५९ पासून खनिज तेल निघत होतं आणि दिव्यांना ते स्वस्त पडे. कप्तानांकडे पैसा होता, पण तो गुंतवायला जहाजं उरली नव्हती. त्यांना जमीन दिसली, आणि जमिनीला गिऱ्हाईक कुठून येईल तेही दिसलं. दरवर्षी हजारो सभ्य, निर्व्यसनी, कमावती कुटुंबं शेजारच्या राईत येतच होती. त्यांनाच सांगायचं, आठवड्याऐवजी महिनाभर राहा.

कंपनी दारूचा गुत्ता किंवा जुगाराचा अड्डा काढत असती, तर पाळकांचं काम सोपं होतं. पण ती चांगल्या माणसांना चांगल्या शेजारात सुट्टी विकत होती. प्लॉट घेणारे बरेच जण तळावरच्या बाकांवर बसणारेच होते. क्रोके, समुद्रस्नान, संध्याकाळी बँड, बोटीची सैर यांतल्या कशालाही सरळ पाप म्हणता येत नव्हतं. तरी सभेच्या आठवड्यात संध्याकाळच्या उपदेशाची वेळ आणि समुद्रकाठी बँडची वेळ एकच येऊ लागली की काय होतं, ते कारभाऱ्यांना दिसत होतं.

आत आणखी एक अडचण वाढत होती. लाकडी घर असलं की माणूस जूनमध्येच येतो. सभा आठवडाभराची आणि मुक्काम तीन महिन्यांचा, म्हणजे उरलेल्या अकरा-बारा आठवड्यांत हा तळ नेमका काय आहे? सगळा दोष कंपनीवर टाकणं सोयीचं होतं, पण तळाचं गाव व्हायला तिच्याआधीच सुरुवात झाली होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, हद्द आखून आपलं आपण सांभाळायचं. जमीन आपली आहे, नियम आपले आहेत. बाहेर काय चालतं ते बाहेरच्यांचं. यात खर्च कमी आणि लोकांना कळायला सोपं. अडचण एवढीच की ज्यांना आत ठेवायचं त्यांचाच पाय बाहेर ओढला जात होता.

दुसरा, सगळा तळ हलवायचा. कॅम्प मीटिंग म्हणजे मुळात रानातली सभा; रान उरलं नाही तर दुसरं रान शोधायचं, हे तिच्या स्वभावाला धरून होतं. १८३५ चे नऊ तंबू एका दिवसात उचलता आले असते. आता शेकडो घरं होती, आणि प्रत्येक घरात कुणाची तरी बचत अडकली होती. त्या काळात लहान लाकडी घरं ओंडक्यांवरून सरकवत दुसरीकडे नेणं अशक्य नव्हतं, पण सगळं गाव नेणं म्हणजे निम्मं गाव गमावणं.

तिसरा पर्याय शेजाऱ्याशी जुळवून घेण्याचा. रस्ते, धक्का, पाणी, गस्त यांवर कंपनीशी करार करायचा आणि त्या बदल्यात सभेच्या आठवड्यापुरती शांतता मागायची. हा पर्याय कुणी जाहीरपणे उचलून धरल्यासारखा दिसत नाही. काळाच्या ओघात मात्र तोच आपोआप अमलात आला.

काय केलं

१८६० च्या दशकाच्या अखेरीस संस्थेनं तळाभोवती सात फूट उंचीचं फळ्यांचं कुंपण घातलं. मधल्या वाटांवर फाटकं बसवली. त्यामुळे हद्द कुठं आहे ते दिसलं, एवढं खरं. समुद्रकाठी जाणाऱ्या माणसाला फाटकातून जावं लागे आणि परत यावं लागे, एवढाच फरक.

त्याच सुमारास संस्थेशी संबंधित मंडळींनी ‘व्हिनयार्ड ग्रोव्ह कंपनी’ नावाची वेगळी कंपनी काढली आणि तळाच्या उत्तरेचा तलाव ओलांडून ईस्ट चॉपच्या उंच भागात जमीन घेतली. आज त्या तलावाचं बंदर झालं आहे. त्या भागाला ‘व्हिनयार्ड हायलँड्स’ म्हणू लागले. वेळ आलीच तर सभा तिकडे नेता यावी, हा हेतू. या कंपनीनंही आपला धक्का बांधला आणि तिथून तळाच्या मागच्या बाजूला यायला वाट केली, म्हणजे सभेला येणाऱ्याला ओक ब्लफ्सच्या प्लॉटमधून जावं लागू नये. कल्पना चांगली होती. पण जमीन घ्यायला लागलेला पैसा परत यायला हवा, म्हणून हायलँड्समध्येही प्लॉट विकायला काढले गेले. एका जमीन कंपनीपासून सभेला वाचवायला दुसरी जमीन कंपनी उभी राहिली, आणि तिच्यात सभेचेच लोक होते.

तिसरी गोष्ट मात्र पहिल्या दोन्हींच्या विरुद्ध दिशेनं चालली होती. हलण्याची तयारी एकीकडे चालू असताना संस्था जुन्या राईतच कायमची बांधकामं करत होती. १८७० मध्ये बाकांवर प्रचंड कापडी मंडप चढवला. १८७८ मध्ये ट्रिनिटी चर्चची इमारत झाली, म्हणजे वर्षभर उपासना करणाऱ्या मंडळीला तळावरच घर मिळालं. आणि १८७९ मध्ये कापडी मंडपाच्या जागी लोखंडी सभामंडप आला.

या सभामंडपाचा निर्णय वेगळा सांगण्यासारखा आहे. कारभाऱ्यांच्या मनात आधी लाकडी इमारत होती, पण तिची किंमत हाताबाहेर गेली. मुख्य भूमीवरच्या स्प्रिंगफील्डच्या एका कंत्राटदारानं लोखंडात बांधायची तयारी दाखवली आणि काम सुमारे सात हजार डॉलरमध्ये झालं. लोखंडी खांब, वर टप्प्याटप्प्यानं चढत जाणारं छप्पर, मधल्या पट्ट्यांत रंगीत काचा, आणि बाजूंना भिंतीच नाहीत. त्यामुळे वरून पाऊस थांबला, पण भोवतालची राई दिसत राहिली आणि वारा येत राहिला. हजारोंनी बसावं अशी ही जागा आजही वापरात आहे. पैशाच्या चणचणीमुळे निवडलेली वस्तू इतकी योग्य निघावी, हे क्वचित घडतं. लाकडाची बंद इमारत झाली असती, तर सभा खोलीत गेली असती.

इतका खर्च एका जागेवर केल्यावर हलण्याचा विषय संपला. ठराव कुणी केला नाही. लोखंडानं तो करून टाकला.

परिणाम

शेजाऱ्याचं काय झालं ते आधी सांगतो, कारण कुंपण ज्याच्या भीतीनं घातलं तो फार दिवस टिकला नाही. ओक ब्लफ्स कंपनीनं १८७२ मध्ये धक्क्याच्या तोंडाशी ‘सी व्ह्यू हाउस’ हे भव्य हॉटेल उघडलं. त्याच वर्षी रेल्वे मुख्य भूमीवरच्या वुड्स होलपर्यंत आली आणि बोटीचा प्रवास छोटा झाला. १८७४ मध्ये धक्क्यापासून एडगरटाउनकडे छोटी आगगाडी सुरू झाली. त्याच ऑगस्टात राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट येऊन तळावर एका बिशपांच्या घरी उतरले. बाहेरून पाहणाऱ्याला सगळं भरभराटीचं दिसत होतं. पण १८७३ च्या आर्थिक कोसळण्यानंतर प्लॉटची मागणी बसली होती आणि कंपनीचा हिशेब जुळेना. शेवटी ती बुडाली. तिच्या बागा पुढे प्लॉट म्हणून विकायचा प्रयत्न झाला, तेव्हा प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. ज्या नकाशावर बागा दाखवून लोकांना प्लॉट विकले, त्या बागा जनतेला अर्पण झालेल्या आहेत, असा निकाल १८९१ मध्ये लागला. म्हणून ओक ब्लफ्सचं समुद्राकडचं मैदान आजही मोकळं आहे. १८९२ मध्ये हॉटेल जळालं. १८९६ मध्ये आगगाडी बंद पडली.

दरम्यान आणखी एक उलथापालथ झाली. तळ, कंपनीचे प्लॉट आणि हायलँड्स मिळून एडगरटाउनच्या कराचा मोठा वाटा भरत होते, पण निर्णय एडगरटाउनच्या गावसभेत होत. रस्ता आणि आगगाडी यांवर गावानं केलेला खर्च गर्दी जुन्या गावाकडे वळवण्यासाठीच आहे, असं इकडच्यांना वाटे. १८८० मध्ये हा भाग वेगळा होऊन ‘कॉटेज सिटी’ नावाचं नवं गाव झालं. १९०७ मध्ये त्याचं नाव ओक ब्लफ्स ठेवलं गेलं. ज्या मंडळीनं १८३५ मध्ये राई निवडली, तिचं गाव आणि तिचा तळ अशा रीतीनं दोन निरनिराळ्या गावांत गेले. एडगरटाउनचं सहा खांबांचं चर्च देवमाशांचा पैसा आटल्यावर सांभाळायला जड झालं, आणि १९८० मध्ये ते बेटावरच्या वारसा जपणाऱ्या न्यासाकडे गेलं.

तळ मात्र टिकला. १८८० च्या सुमारास तिथं पाचशेच्या आसपास घरं होती. आज तीनशेहून थोडी अधिक आहेत. काही हलवली गेली, काही पडली, काही शेजारच्याशी जोडली गेली. जमीन अजूनही संस्थेची आहे, घरवाले अजून भाडेपट्ट्यावर राहतात, आणि २००५ मध्ये केंद्र सरकारनं या तळाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. आठवड्याची जुनी सभा मात्र तिच्या मूळ जोमात उरली नाही. संस्था आंतरपंथीय झाली; उन्हाळ्यातल्या रविवारी सभामंडपात उपासना होते, इतर दिवशी सामूहिक गाणी आणि मैफली होतात. ऑगस्टमध्ये एका रात्री सगळी घरं कागदी कंदिलांनी उजळतात. हा दिवाळीसारखा सोहळा १८६९ मध्ये शेजारच्या कंपनीनं गव्हर्नरांच्या भेटीनिमित्त सुरू केला होता. आज तो तळाची ओळख आहे आणि तो भरवते संस्थाच.

सात फुटी कुंपण केव्हाच गेलं.

हायलँड्समध्ये सभा हलली नाही. तिथली जागा १८७० च्या दशकात बॅप्टिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी आपल्या कॅम्प मीटिंगसाठी घेतली. या भागाला पुढे जे महत्त्व आलं, ते कुणाच्याच आराखड्यात नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेथडिस्ट तळावर कृष्णवर्णीय कुटुंबांना घर मिळणं जवळपास अशक्य होतं, आणि बेटावरची हॉटेलं त्यांना घेत नसत. गुलामगिरीत जन्मलेले चार्ल्स शिअरर आणि त्यांच्या पत्नी हेन्रिएटा यांनी बॅप्टिस्ट सभास्थानाजवळ हायलँड्समध्ये १९०३ साली घर घेतलं. आधी धुलाईचा व्यवसाय केला आणि १९१२ पासून कृष्णवर्णीय पाहुण्यांसाठी निवासगृह चालवलं. ओक ब्लफ्स पुढे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मध्यमवर्गाचं जे आवडतं ठिकाण झालं, त्याच्या मुळाशी असलेल्या घरांपैकी हे एक.

या बेटावर मेथडिस्टांचा उपदेश पहिल्यांदा करणारा जॉन सॉन्डर्स होता. त्याच्या लोकांना शंभर-सव्वाशे वर्षांनी त्याच पंथाच्या तळावर जागा नव्हती. वारसा स्थळांच्या पाट्यांवर जाळीदार सज्ज्यांचं वर्णन खूप असतं. मला ही गोष्ट त्याहून मोठी वाटते.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

जमीन न विकण्याचा निर्णय या प्रकरणातला सर्वांत चांगला. त्याची किंमतही होती. घराखालची जमीन आपली नाही म्हटल्यावर त्या घरात गुंतवणूक करताना माणूस हात आखडतो, आणि त्यावर कर्ज उभं करणं अवघड जातं. पण ओक ब्लफ्स कंपनीनं जमीन विकली आणि पैसा संपल्यावर तिच्या हाती काही उरलं नाही. गावाला बागा वाचवायला न्यायालयात जावं लागलं. संस्थेचं वर्षाला थोडं थोडं भाडं येत राहिलं, घर विकताना नवा माणूस कोण हे पाहता आलं, आणि मधल्या वाटा, चौक, सभामंडप यांचे तुकडे झाले नाहीत. १८७३ नंतर किंमती पडल्या, तेव्हा संस्थेला स्वतःची जमीन विकायची घाई नव्हती.

कुंपणाचा खर्च मी केला नसता. भांडण जागेचं कमी आणि वेळेचं जास्त होतं. वर्षातला एक आठवडा शांत हवा होता. तेवढ्यासाठी शेजाऱ्याशी लेखी करार मागता आला असता : सभेच्या दिवसांत संध्याकाळी बँड नाही, रविवारी जादा बोटी नाहीत. कंपनीला सभेची गरज होती, तिचं गिऱ्हाईकच तिथून येत होतं; म्हणजे बोलणी करताना संस्थेची बाजू जड होती. ती काही वर्षांनी हलकी झाली.

व्हिनयार्ड ग्रोव्ह कंपनीबद्दल माझं मत कडक आहे. पर्यायी जागा राखून ठेवणं शहाणपणाचं होतं, पण ती जागा संस्थेच्या नावावर हवी होती. सभा हलली तर ज्यांच्या प्लॉटची किंमत वाढणार, तीच माणसं सभा हलवावी की नाही यावर बोलणार असतील, तर त्यांचा सल्ला कितीही प्रामाणिक असला तरी लोक तो तसा घेत नाहीत. अशा वेळी कारभाऱ्यांनी एक तर कंपनीचे शेअर घ्यावेत, नाही तर सभा हलवण्यावर मत द्यावं; दोन्ही करू नये.

राहिला भाडेपट्टा. ज्या अधिकारानं संस्थेनं तळ वाचवला, त्याच अधिकारानं तिनं माणसं नाकारली. घर कुणी घ्यावं हे संस्थेच्या संमतीवर, आणि संमतीचा निकष कागदावर नाही, म्हणजे त्या काळचा जो पूर्वग्रह असेल तो निकष होतो. १८६८ ची सनद घेताना नियमावली लिहायची संधी होती : भाडं वेळेवर, सभेचे नियम मान्य, घराचा वापर कुटुंबासाठी, याशिवाय दुसरी अट नाही. नकार द्यायचा तर लेखी कारण द्यायचं, आणि त्यावर वार्षिक सभेत दाद मागता यायची. या चार ओळी सनदेसोबत आल्या असत्या, तर पुढच्या कारभाऱ्यांना कृष्णवर्णीय कुटुंबाला नकार देण्याआधी तो नकार कागदावर उतरवावा लागला असता. तेवढ्यानं सगळे बदलले असते असं मी म्हणत नाही. पण काही घरं तरी मिळाली असती.